काठाला लागणं

आमच्या वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया होतो, केळाचं केय होतं आणि बाळाच्या नाळेची नाय होते. मी दर्यापूरकडची, माझ्या कानाला हे सवयीचं आहे. तेव्हा मी अकोल्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. एका सकाळी काउंटरशी एक आजी उभ्या राहिल्या. मागे सून, सुनेच्या पदराखाली तान्ही पोर. आजी म्हणाल्या, “बाई, सव्वा महिना होऊन रायला, पोरीची नाय काई पडून नाई रायली.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं. नाळ आठ-दहा दिवसांत वाळून गळून पडते. एखाद्याची पंधराव्या दिवशी पडते. तीन आठवडे झाले की लक्ष ठेवायचं, आणि महिना उलटला की कारण शोधायचंच, असं आम्हाला शिकवलेलं. त्याआधी ही मंडळी दोन ठिकाणी जाऊन आली होती. एकीकडे पावडर दिली, दुसरीकडे अँटिबायोटिकचे थेंब. चिठ्ठ्या मी उलटून पाहिल्या. ताप लिहिला होता, दूध पीत नाही असं लिहिलं होतं. नाळेबद्दल एक अक्षर नव्हतं.

सुनेनं दुपटं बाजूला केलं. बेंबीभोवतीची कातडी लाल, कडेला काळपट झालेली, आणि मधोमध चामड्यासारखा वाळलेला नाळेचा तुकडा अर्धा सुटून अर्धा चिकटलेला. आजी मला धीर देत असल्यासारख्या म्हणाल्या, “पण पू नाई जी. तेवढं बरं हाये.”

पू नाही हे चांगलं लक्षण, असं आपण सगळेच धरून चालतो. मीही धरत होते. त्या दिवशी दुपारपर्यंत माझं मत बदललं.

पोरीचं एक मिली रक्त जांभळ्या बुचाच्या बाटलीत घेतलं आणि मशीनला लावलं. पांढऱ्या पेशींचा आकडा आला ७१,४००. मोठ्या माणसात तो ४,००० ते ११,०००च्या मधे असतो. तान्ह्या बाळात जास्त असतो हे खरं, पण सव्वा महिन्याच्या बाळात इतका नाही. मला वाटलं, मशीन चुकलं. नेहमी आम्ही वीस पट पातळ करतो. तेवढ्यानं भागेना म्हणून शंभर पट पातळ करून न्यूबॉवर चेंबरमध्ये हातानं मोजलं. आकडा तिथल्या तिथेच. मग काचेवर रक्ताचा थेंब ओढला, लीशमनचा रंग घातला, दोन मिनिटांनी बफर, दहा मिनिटं थांबून धुतलं आणि तेलाचा थेंब टाकून शंभरच्या भिंगाखाली धरलं.

एरवी त्या भिंगाखाली लाल पेशींच्या गर्दीत एक-दोन न्यूट्रोफिल, एका जातीच्या पांढऱ्या पेशी, दिसतात. तीन-चार पाकळ्यांचं जांभळं केंद्रक, भोवती फिकट गुलाबी रवाळ अंग. इथे जिकडे काच सरकवावी तिकडे तेच, दिवाळीनंतरच्या फुटलेल्या कापसाच्या शेतासारखे.

बेंबीचा स्वॅबही घेतला होता. त्याची ग्रॅमचा रंग दिलेली काच मी त्याच ट्रेमध्ये शेजारी ठेवली होती, ती उचलून लावली. गुलाबी दांडुक्यांसारखे जिवाणू काचभर पसरलेले. रिपोर्टमध्ये एक रकाना असतो, ‘पस सेल्स’. पू म्हणजे मुख्यतः जखमेपाशी येऊन, जंतू गिळून मेलेले न्यूट्रोफिल. एवढे जंतू असताना त्या रकान्यात ‘भरपूर’ लिहायची हाताला सवय. मी काच या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरवली. एकही पस सेल नव्हता.

एका काचेवर फौज मावत नाही आणि दुसऱ्या काचेवर शत्रू मोकळा. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना बोलावलं. त्यांनी दोन्ही काचा पाहिल्या, बराच वेळ डोळा भिंगावरून काढला नाही. मग म्हणाल्या, “हिच्या पेशी रक्तातून बाहेरच पडत नाहीत.”

रक्तातून बाहेर पडणं म्हणजे काय, हे सांगायला मला कापसाच्या वेचणीचा आधार घ्यावा लागतो. वेचताना बांधावरच्या बाभळीचा काटा पायात रुतला असं समजा. काट्याबरोबर जंतू आत गेले. तिथल्या मांसात काही रखवालदार पेशी कायम वस्तीला असतात, त्या रसायनं सोडून हाकाटी करतात. पण पांढऱ्या पेशींची मोठी फौज आहे ती रक्तात, आणि रक्त तर वाहतंय. पुरात वाहून जाणाऱ्या माणसाला काठावरून हाक मारली तर त्याला नुसती ऐकू येऊन काय उपयोग? त्याला काठ धरता आला पाहिजे.

हे धरणं घडतं ते केशवाहिन्या संपल्यावर लागणाऱ्या बारीक शिरांमध्ये. पूर्णेला पूर आला की मधला ओघ जोरात जातो आणि ओंडके, काडीकचरा काठाकडे फेकला जातो. तसंच काहीसं इथे होतं. लाल पेशी मधोमध गर्दी करून धावतात, आणि त्या रेट्यानं आकारानं मोठ्या पांढऱ्या पेशी कडेला ढकलल्या जातात. कडेला त्या भिंतीला घासतात. भिंतीला आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं. जखमेची हाकाटी पोचली की हे अस्तर आपल्या पोटातल्या पिशव्यांमध्ये तयार ठेवलेले रेणू काही मिनिटांत पृष्ठभागावर आणतं. त्यांचं नाव पी-सिलेक्टिन. त्याचाच भाऊबंद ई-सिलेक्टिन, तो ताजा बनवावा लागतो, त्याला काही तास लागतात.

हे सिलेक्टिन काय धरतात? साखर. पांढऱ्या पेशीच्या अंगावर प्रथिनांचे लांब तंतू असतात आणि त्यांच्या टोकांना विशिष्ट साखरेचे झुबके. शेतातून आल्यावर धोतराला, लुगड्याला आघाड्याचं बी चिकटलेलं असतं ना, तशी ही पकड. एकेक बी सहज निघतं, पण एक निघेपर्यंत दुसरं धरतं. मागची पकड सुटते, पुढची लागते, आणि ओघ तर ढकलतोच आहे. म्हणून पेशी थांबत नाही आणि वाहूनही जात नाही, भिंतीवरून घरंगळत जाते. लॅबच्या भाषेत रोलिंग. रक्ताच्या ओघाच्या मानानं हा वेग शंभरेक पटीनं कमी असतो.

या पकडीची एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. साधी गाठ ओढली की सुटते. सिलेक्टिनची पकड एका मर्यादेपर्यंत ओढ वाढली की उलट जास्त वेळ टिकते. बैलाच्या दाव्याचा सरफास ओढावा तसा आवळतो, तसंच. २००३ मध्ये एकेका रेणूला ओढून पाहण्याच्या प्रयोगांतून हे दिसलं. म्हणजे पेशीला भिंतीवर टिकवायला वाहत्या रक्ताचा जोरच कामी येतो.

घरंगळताना पेशी भिंतीवरची रसायनं हुंगत जाते. जखमेच्या जवळ ती दाट असतात. तो इशारा मिळाला की पेशीच्या अंगावर मिटून बसलेले दुसरे आकडे, इंटिग्रिन, ताठ उघडतात आणि भिंतीवरच्या आयकॅम नावाच्या रेणूंना घट्ट धरतात. आता पेशी थांबते. चपटी होते, पाय काढल्यासारखा एक कोपरा पुढे सरकवते, अस्तरातल्या दोन पेशींमधली फट शोधते आणि त्यातून अंग चोरून बाहेर पडते. सगळं मिनिटांचं काम. त्या फटीतून निघताना गोल पेशी मधोमध दोरीसारखी बारीक होते.

मी बी.एस्सी.ला अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात होते, १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून निघालेलं ते. तिथे प्राणिशास्त्राच्या तासाला बेडकाच्या पायाच्या बोटांमधला पडदा बुचाच्या पट्टीवर ताणून भिंगाखाली दाखवला होता. लाल पेशी एकामागे एक पळत होत्या. कडेला एक काचेसारखा पारदर्शक गोळा दिसला, तो पळत नव्हता. अडखळत, थोडा थांबत, पुन्हा सरकत चालला होता. पांढरी पेशी पांढरी नसते हे मला तेव्हा कळलं. मी सरांना म्हटलं, हिला काहीतरी झालंय. सर म्हणाले, तिला काही झालेलं नाही, तिचं कामच ते आहे. आमचं ताणणं-टोचणं पडद्याला पुरेसं लागलं होतं, एवढंच.

रुडॉल्फ वॅग्नर यांनी १८३९ मध्ये बेडकातच हे घरंगळणं वर्णन करून ठेवलंय. १८४६ मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेत पेशी शिरेबाहेर पडताना पाहिली, आणि १८६७ मध्ये युलियुस कोनहाइम यांनी दाखवून दिलं की पुवातल्या पेशी रक्तातूनच आलेल्या असतात. पेशी नुसत्या सिलेक्टिनवर घरंगळते आणि थांबायला तिला इंटिग्रिन लागतं, हे वेगवेगळं करून दाखवलं लॉरेन्स आणि स्प्रिंगर यांनी, १९९१ मध्ये. दिसलं तेव्हापासून उलगडा व्हायला दीडशे वर्षं लागली. बेडूक मात्र तोच.

आता त्या पोरीकडे येते. तिच्या पेशी घरंगळत होत्या. थांबत नव्हत्या. इंटिग्रिनच्या आकड्याचा एक भाग असतो, त्याचं नाव सीडी १८. तो भाग बनवणारं जनुक आईबाप दोघांकडून बिघडलेलं आलं, तर आकडा पेशीच्या अंगावर उगवतच नाही. या आजाराला ल्युकोसाइट अधेजन डेफिशियन्सी, प्रकार पहिला, म्हणतात. थोडक्यात लॅड. पेशी जखमेवरून घरंगळत पुढे निघून जाते. जखमेकडून हाका येतच राहतात, हाडातला मगज आणखी पेशी धाडतो, त्याही रक्तातच फिरत राहतात. म्हणून काउंट सत्तर हजार आणि पू शून्य. नाळेचंही तेच. नाळ जिथून सुटते तिथला जोड विरघळवायला हेच न्यूट्रोफिल यावे लागतात. ते येत नाहीत, म्हणून नाळ पडत नाही. १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये उशिरा पडणारी नाळ, पसरणारे जंतुसंसर्ग आणि पेशींची बिघडलेली हालचाल यांची पहिली सांगड घातली गेली.

निदान पक्कं करायचं तर पेशींवर सीडी १८ आहे का ते फ्लो सायटोमीटरवर पाहावं लागतं. मुंबईत परळला के.ई.एम.च्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. तिथल्या डॉ. मनीषा मडकईकर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या आजाराच्या मुलांची लक्षणं ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये मांडली, आणि त्याच्या पुढेमागेही या विषयावर लिहिलंय. आमच्या मॅडमनी त्यांचा एक लेख प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. त्या दिवशी तो बाहेर निघाला. संध्याकाळी आजी, सून आणि पोर मुंबईच्या गाडीत बसली. मी स्टेशनवर गेले होते. रक्ताचा नमुना बर्फात ठेवायचा नाही, हे मी आजींना तीनदा सांगितलं. गाडीत चढताना त्यांनी पिशवी पोटाशी धरली होती.

आठवड्यानं कळलं. सीडी १८ जवळजवळ नव्हतंच.

परळच्या त्याच आवाराची आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तिचा धागा थेट घरंगळण्याशी जातो. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एक नवा रक्तगट जगापुढे मांडला. त्या माणसांच्या रक्तात ए नव्हतं, बी नव्हतं, आणि ओ गटात असतो तो एच हा पायाही नव्हता. हाच बॉम्बे ब्लड ग्रुप. रक्तपेढीत काम केलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक असतो, कारण त्या माणसाला साधं ‘ओ’ रक्तही चालत नाही. एचचा पाया फ्युकोज नावाच्या साखरेचा असतो. पुढे १९९२ मध्ये इस्रायलमधल्या दोन मुलांचं वर्णन आलं. वारंवार संसर्ग, पू नाही, काउंट चढलेला, आणि दोघांचाही गट बॉम्बे. त्यांच्या शरीरात फ्युकोज जागेवर पोचतच नव्हतं, त्यामुळे लाल पेशींवर एच नाही आणि पांढऱ्या पेशींच्या टोकांना तो साखरेचा झुबकाही नाही. त्यांच्या पेशी घरंगळतच नव्हत्या. हा लॅडचा दुसरा प्रकार, अतिशय दुर्मिळ. आपल्याकडच्या बॉम्बे गटाच्या माणसांनी घाबरायचं कारण नाही. त्यांच्यात फक्त एचची साखर चढवणारं एंझाइम नसतं, पांढऱ्या पेशी धडधाकट घरंगळतात. पण भेंड्यांनी ज्या साखरेची उणीव मुंबईत टिपली, तीच साखर पेशीला भिंतीवर धरते, हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

रोज माझ्याकडे माणसं येतात आणि आकडा विचारतात. “म्याडम, पेशी किती आल्या?” डेंग्यूनंतर आमच्याकडे पेशी म्हणजे प्लेटलेट असाच अर्थ झालाय, तरी पांढऱ्या पेशी वाढल्या म्हटलं की चेहरा पडतो. मी त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते. दंडातून घेतलेल्या रक्तात फक्त वाहत्या पेशींची मोजदाद होते. निरोगी माणसातही जवळजवळ अर्धे न्यूट्रोफिल कुठल्या ना कुठल्या शिरेच्या काठाला रेंगाळलेले असतात, ते आमच्या बाटलीत येत नाहीत. धावत जिने चढून आलात, घाबरलात, तान्हं बाळ सुई टोचताना रडून लाल झालं, की यातल्या पुष्कळ पेशी काठ सोडून ओघात येतात आणि आकडा फुगतो. स्टेरॉइडची गोळी चालू असली तरी फुगतो. म्हणून मी आधी दहा मिनिटं बाकावर बसवते. म्हणून कुठली गोळी चालू आहे ते विचारते. एका आकड्यावरून संसर्ग ठरवून भारी अँटिबायोटिक सुरू केलेली माणसं मी पाहिलीत, आणि सत्तर हजारांचा आकडा समोर असताना पू का नाही हे कुणी विचारलं नाही, हेही पाहिलं.

पकड जास्त झाली तरी नुकसान होतं. आता मी अमरावतीला आहे. धारणी-चिखलदऱ्याकडून सिकलसेलचे नमुने येतात. त्याची साधी चाचणी अशी, की रक्त द्रावणात मिसळून नळीमागे काळ्या रेघा आखलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा बुडाल्या तर सिकलचं हिमोग्लोबिन आहे. विदर्भात सिकलसेल आहे हे नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्येच लिहिलं. या आजारात हाडं फोडणारी कळ येते. ती फक्त विळ्यासारख्या वाकड्या लाल पेशी अडकल्यानं येते असं पूर्वी वाटायचं. आता कळलंय की शिरेचं अस्तर चिडलेलं असतं, पी-सिलेक्टिन सतत बाहेर काढून बसलेलं असतं. त्यावर पांढऱ्या पेशी चिकटतात, आणि त्यांच्यावर लाल पेशी अडून वाट बंद होते. पी-सिलेक्टिन झाकणाऱ्या एका औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये परवानगी मिळाली, पण पुढच्या मोठ्या चाचणीत फायदा सिद्ध झाला नाही आणि युरोपनं २०२३ मध्ये परवानगी काढून घेतली. आपल्याकडची हायड्रॉक्सियुरियाची गोळी जुनी आणि स्वस्त आहे. तिचा मुख्य गुण लहानपणचं हिमोग्लोबिन वाढवण्याचा, पण ती पांढऱ्या पेशी कमी करते, त्याचाही उपयोग होतो. गोळी नियमित घेणारी मुलगी तीन महिन्यांनी काउंटला येते तेव्हा मी आधी तिची चाल बघते.

अकोल्याच्या त्या पोरीला अस्थिमज्जा प्रत्यारोपण हाच खरा उपाय होता. तीच पहिली, त्यामुळे जुळणारं भावंड नव्हतं. बाहेर दाता शोधणं, पैसे उभे करणं चालू असताना नवव्या महिन्यात तिला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. आजी निरोप द्यायला स्वतः लॅबमध्ये आल्या होत्या. बाकावर बसल्या, पाणी घेतलं नाही.

त्यांनी एकच विचारलं, “आमचं काई चुकलं का बाई?” मुलगा-सून मामे-आत्येभावंडं होती. आपल्याकडे मामाची मुलगी करण्यात कुणालाच काही गैर वाटत नाही. मी म्हटलं, चूक नाही आजी. बिघडलेलं एक जनुक घराण्यात कुठेतरी असतं, एकानं काही होत नाही. नात्यात लग्न झालं की दोन्हीकडून तेच एक यायचा संभव वाढतो, एवढंच. दोघांकडे असेल तर दर खेपेला चारात एक. आणि ते गर्भातच तपासता येतं, पुढच्या वेळी दिवस राहिल्याबरोबर सांगा. आजींनी मान हलवली. त्यांना किती समजलं, मला तेव्हा कळलं नाही.

सगळं समजलं होतं. पावणेतीन वर्षांनी त्या पुन्हा काउंटरशी उभ्या राहिल्या. सुनेच्या कुशीत बारा दिवसांचा पोरगा. काविळीसाठी बिलिरुबिन सांगितलं होतं, बाकी चिठ्ठीवर काही नव्हतं. तिसऱ्या महिन्यात मुंबईला तपासणी झाली होती, चांगली आली होती. तरी आजींनी कनवटीची पुरचुंडी सोडली. पांढऱ्या चिंधीत वाळून काळा झालेला, करंगळीच्या पेराएवढा तुकडा होता.

“आठव्या दिवशी पडली,” त्या म्हणाल्या. “तरी बी तुमी ते काउंट करून घ्या जी. आन काचेवर बी पाहा.”

मी काच धुवायला घेतली.